५५ मीटरला हवा की ट्रायमिक्स? दहाबला जाण्याआधी सल्ला हवा

कोथरूडचं_कासव:
नमस्कार मंडळी. माझे ६८ डाइव्ह झालेत. सुरुवात तारकर्लीला, मग हॅवलॉक, नेत्राणी, गेल्या वर्षी मालदीव. ४० मीटरपर्यंतचा डीप कोर्सही झालाय. नोव्हेंबरात इजिप्तला दहाबला जातोय आणि डोक्यात एकच खूळ आहे: ब्लू होलची कमान, म्हणजे तिथल्या समुद्रातल्या खोल खड्ड्यातून बाहेरच्या समुद्रात उघडणारा बोगदा. तिचं छत ५५ मीटरच्या आसपास, त्यामुळे आधी डेकोचा (वर येताना थांबे घेत अंगातला वायू सोडण्याचा) कोर्स करावा लागणार हे कळतंय. पण तिथे दोन पर्याय दिलेत. एक, साध्या हवेवर ५५ मीटरपर्यंत नेणारा. दुसरा ट्रायमिक्सचा, म्हणजे ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियमच्या मिश्रणाचा. दुसऱ्यात हेलियमचे पैसे वेगळे, आणि तो आकडा बघून बायकोनं विचारलं, "तिकडे फुगे विकायला चाललायस का?"

गणित केलं तर हवेतल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब ५५ मीटरला १.३७ बार येतो. १.४ च्या मर्यादेच्या आतच की. मग हेलियम कशाला? नार्कोसिस (खोलीवर नायट्रोजननं चढणारी नशा) मला ४० ला फारसा जाणवला नाही. शिवाय एका ओळखीच्याकडून दोन जुने रेग्युलेटर (सिलिंडरमधला वायू श्वासाजोगा करून तोंडाशी देणारे) स्वस्तात मिळालेत, त्यातला एक ५० टक्के ऑक्सिजनच्या डेको सिलिंडरला लावायचा विचार आहे. चालेल ना?

दर्यावर्दी७७:
मी हवेवर ५४ केलाय. काहीही झालं नाही. हेलियम म्हणजे दुकानदारांचा धंदा. डोकं शांत ठेव, पाय हळू मार, बस.

खारं_पाणी (शारजा):
दर्यावर्दी, "काही झालं नाही" हे वर आलेलेच सांगतात. दहाबला ब्लू होलच्या काठावर कड्यात बुडालेल्यांच्या नावांच्या पाट्या बसवल्यात, त्यांनाही विचारून ये.

कासवा, तुझ्या गणितात पहिली खोट ही: छत ५५ ला आहे, तू छताखालून जाणार. म्हणजे तुझं पोट ५८ ला. तिथे दाब ६.८ बार, हवेतला ऑक्सिजन १.४३. मर्यादा गेली, आणि कोर्सची ५५ ची मर्यादाही गेली. कमानीतून बाहेरच्या समुद्राचा निळा उजेड येतो, त्यामुळे ती आहे त्यापेक्षा खूप जवळची आणि आखूड वाटते. नार्कोसिस झालेल्या माणसाला कमान कधी मागे, म्हणजे वर राहिली हेच कळत नाही, तो खाली जात राहतो. २००० साली युरी लिप्स्की तिथेच हवेवर ९१ मीटरपर्यंत गेला. तिथे ऑक्सिजनच २.१ बार.

आणि "४० ला जाणवला नाही" हे नार्कोसिसचं लक्षणच समज. दोन पेग झालेला माणूसही तेच म्हणतो.

पण मला खरी भीती नायट्रोजनच्या नशेची नाही, घनतेची वाटते. याबद्दल कोर्समध्येही घाईघाईत बोलतात. पृष्ठभागावर एक लिटर हवा साधारण १.३ ग्रॅम. ५८ मीटरला तीच पावणेनऊ ग्रॅम. शिफारस आहे ५.२ ग्रॅमपर्यंतची, आणि ६.२ च्या पुढे तर जाऊच नये. हवा ५.२ ला तीस मीटरच्या आसपासच पोचते, ६.२ ला चाळिशीच्या जरा अलीकडे. त्यापुढे तू छाती कितीही भर, कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही. तो साठला की नशा वाढते, धाप लागते, धापेनं अजून साठतो. ऑक्सिजनचा झटका (जादा ऑक्सिजननं येणारी आकडी) यायची शक्यताही त्यानं वाढते. २००५ साली दक्षिण आफ्रिकेत बुशमन्स होलमध्ये डेव्हिड शॉ २७० मीटरवरून दहा वर्षांपूर्वीचा एक मृतदेह वर आणायला गेला. रिब्रीदर (सोडलेला श्वास गाळून पुन्हा वापरणारं यंत्र) होता, हेलियम होता, तयारी कसलेल्या माणसाची. तिथे दोरीत अडकून झटापट झाली आणि श्वासच पुरा पडेना.

आता १८/४५ घे, म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन, ४५ हेलियम, उरलेला नायट्रोजन. ५८ ला ऑक्सिजन १.२२, घनता ५.४ च्या आसपास (किंचित वर, पण पावणेनऊ कुठे!) आणि नशा हवेवरच्या २७-२८ मीटरइतकी. हेलियमचे पैसे यासाठी. १२-१२ लिटरच्या जोडसिलिंडरला दोन हजार लिटरच्या वर हेलियम लागतो, स्वस्त नाहीच. परवडत नसेल तर कमान पुढच्या वर्षी. ती कुठे जात नाही.

एका सिलिंडरवर जाणाऱ्या वीरांसाठी: पृष्ठभागावर श्वासाला मिनिटाला २० लिटर धरले तर ५८ ला १३६ लागतात. १२ लिटरचं २०० बारचं सिलिंडर शून्यावर यायला साडेसतरा मिनिटं. धापेत त्याच्या निम्मी.

रेग्युलेटरचं: आत्ता लावू नकोस. ४० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन असेल तर रेग्युलेटर उघडून ऑक्सिजनसाठी स्वच्छ केलेला हवा. साधं सिलिकॉन ग्रीस नको, ऑक्सिजनला चालणारं ग्रीस आणि तशाच ओ-रिंगा. मागच्या मालकानं कॉम्प्रेसरच्या तेलकट हवेवर वापरला असेल तर आत काय बसलंय तुला दिसणार नाही. आणि व्हॉल्व्ह हळू उघड. झटक्यात उघडला की वायू दाबून तापतो, आग तिथूनच लागते.

एक माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी मी सरावात मॅनिफोल्डचा आयसोलेटर (जोडसिलिंडरांना जोडणारा मधला व्हॉल्व्ह) बंद केला आणि उघडायला विसरले. दुकानातल्या मुलानं तसाच उजवीकडून ट्रायमिक्स भरला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी उजवा व्हॉल्व्ह तपासला: १८/४५. छान. माझा मास्तर खवट होता, त्याची सवय म्हणून डावाही तपासला. ३२ टक्के! आदल्या दिवशीचं उरलेलं नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनची हवा), ९० बार. खाली ६० मीटरला गडबड होऊन मी डाव्याचं रेग्युलेटर तोंडात घेतलं असतं तर ऑक्सिजन २.२ बार. पाण्यात झटका आला की तोंडातलं रेग्युलेटर सुटतं, पुढचं सांगायला नको. मुलावर ओरडले नाही. चूक माझीच होती.

मुंबईहाय_निवृत्त:
ताईंचा शब्द न् शब्द खरा. मी मूळचा मालवणचा, बावीस वर्षं तेलाच्या प्लॅटफॉर्मखाली सॅचुरेशन डायव्हिंग केलं. मुंबई हायला पाणी सत्तर-ऐंशी मीटर. हवेवर ५० च्या खाली आम्हाला पाठवतच नसत, आणि वरून नळीनं हवा, वर माणसं, टेलिफोन, दाबाचा चेंबर सगळं तयार असताना ही गोष्ट. तू एकटा पाठीवर घेऊन चाललास.

खोल कामाला हेलियम-ऑक्सिजन. तीन-चार आठवडे खोलीइतक्याच दाबाच्या चेंबरमध्येच राहायचं. हेलियमनं आवाज असा चिरका होतो की घरी फोन लागला तर बायको म्हणायची, "कोण बोलतंय?" अंगातली ऊब तर असा पळवतो की सूटमधून गरम पाणी खेळवत ठेवायचे. पण सांगायचं ते वेगळंच. माझा गॅस मी कधी मोजलाच नाही रे झिला. वर एक माणूस चोवीस तास आकडे बघत बसलेला असे. नवीन गॅस लाइनवर घेण्याआधी पुन्हा मोजायचा. पाळी बदलली की नवा माणूस पहिल्याचा आकडा न विचारता स्वतः मोजायचा. तुझ्याकडे तो माणूस नाही. तुझी पाळी चोवीस तासांची.

कोथरूडचं_कासव:
काका, ताई, आभार. हवेवाला कोर्स रद्द केला, प्रशिक्षकाला आजच लिहितो. रेग्युलेटर सर्व्हिसला दिले. ते उघडले तेव्हा आतलं हिरवट पाणी बघून मेकॅनिकनं फोटो पाठवलाय, इथे टाकत नाही, जेवायची वेळ आहे.

ताई, ॲनालायझर स्वतःचा घेऊ का?

खारं_पाणी (शारजा):
ऑक्सिजनचा घे. आतला सेल वापरला नाही तरी झिजतो, त्यामुळे त्याची तारीख बघून घे, आणि दर वेळी आधी साध्या हवेवर २०.९ ला लाव. हेलियमचा महाग असतो, दुकानाचा वापर. मात्र नळी तू धरायची, आकडा तू वाचायचा. दोन्ही व्हॉल्व्ह, दर सिलिंडर. मग पट्टीवर मिश्रण, कमाल खोली, तारीख, तुझी सही. डेको सिलिंडरवर २१ हा आकडा (५० टक्के ऑक्सिजनची कमाल खोली, मीटरमध्ये) जोडीदाराला लांबून वाचता येईल एवढा मोठा. खाली गॅस बदलताना आधी खोली बघ, मग तो आकडा, मग तोंडातून निघालेली नळी बोटानं सिलिंडरपर्यंत चाचपत जा. जोडीदारानं मान डोलावल्यावरच श्वास.

दर्यावर्दी७७:
आणि पट्टीला इलेक्ट्रिशियनची टेप नको, पाण्यात सुटते. डक्ट टेप. एवढं तरी माझं ऐका.