मदत हवी आहे: केमो चालू असताना अँटिबायोटिक्स द्यावी लागली, आता पोटातल्या जिवाणूंचं काय?

नमस्कार. माझी थोरली बहीण ४३ वर्षांची आहे, साताऱ्याला असते. स्तनातली गाठ ट्रिपल निगेटिव्ह निघाली. म्हणजे हार्मोनच्या गोळ्या चालणार नाहीत, हर-टू या प्रथिनावरची इंजेक्शनंही नाहीत. आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलंय. दुसऱ्या केमोनंतर नवव्या रात्री १०१ ताप चढला, पांढऱ्या पेशी एकदम खाली आल्या. पाच दिवस ॲडमिट, सलाइनमधून अँटिबायोटिक्स. आता ताप नाही.

तिच्या उशाशी बसून मी वाचत होते. स्टॅनफर्डच्या २०२३च्या अभ्यासात ट्रिपल निगेटिव्हच्या ज्या बायकांना जास्त अँटिबायोटिक्स घ्यावी लागली, त्यांच्यात मृत्यू जास्त दिसले. पोटातले चांगले जिवाणू मेले की प्रतिकारशक्ती ढिली पडते, असं त्यामागचं अनुमान. तेव्हापासून झोप नाही. "काय लागेल ते द्या" असं डॉक्टरांना मीच म्हणाले होते.

उलटंही वाचलं. जेरुसलेमच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की हिरड्यांत असणारा फ्युजोबॅक्टेरियम हा जिवाणू स्तनाच्या गाठीत जाऊन बसतो. उंदरांत त्याच्यामुळे गाठ भराभर वाढली आणि मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिल्यावर तो जोर ओसरला. मग अँटिबायोटिक चांगलं की वाईट?

मामेभावाने प्रोबायोटिकच्या, म्हणजे चांगल्या जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल आणून दिल्यात. आई म्हणते, वाटीभर ताक दे, पोट आपोआप ताळ्यावर येईल. हॉस्पिटलच्या कागदावर दही-ताक बंद लिहिलंय. काय करू?

प्रतिसाद १
मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण आधी हे ऐका: तुम्ही बरोबर केलंत. न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तळाला असताना आलेला ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. पुन्हा १००.४च्या वर गेला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं आणि अँटिबायोटिक घ्यायचंच.

तो स्टॅनफर्डचा अभ्यास जुन्या नोंदींवरून केलेला आहे. ज्यांना संसर्ग जास्त झाले त्यांनाच औषधं जास्त लागली, त्यामुळे नुकसान नक्की कशाने झालं हे त्यातून ठाम ठरत नाही. जेरुसलेमचा प्रयोग एका ठरावीक जिवाणूचा, तोही उंदरांवर. त्यावरून स्वतःहून मेट्रोनिडाझोल घ्यायचं नाही. तोंड मात्र जपा: मऊ ब्रश, मिठाच्या पाण्याच्या चुळा, हिरड्या दुखल्या तर लगेच सांगणं.

कॅप्सूल नकोत, हे मी जोर देऊन सांगते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत २०१८ मध्ये निरोगी लोकांना अँटिबायोटिक्स दिली आणि नंतर काहींना प्रोबायोटिक. ज्यांना प्रोबायोटिक दिलं त्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांचे आपसूक लवकर सावरले. शिवाय पेशी कमी असताना कॅप्सूलमधले जिवंत जिवाणू रक्तात उतरण्याचा धोका असतो, क्वचित का होईना. पोटातल्या जिवाणूंना खाऊ घालायचं तर चोथा द्या: भाकरी, मुगाची आमटी, नीट शिजवलेली भाजी. तिला झेपेल तेवढंच.

प्रतिसाद २
चार वर्षांपूर्वी मी यातून गेले. ओपीडीत गर्दी असते, घाईत निम्मं विसरतं. प्रश्न कागदावर लिहून न्या, दोनच. आणि बहिणीसमोर हे वाचू नका, तिला तुमचा चेहरा दिसतो.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. आज कागद घेऊन गेले. अँटिबायोटिक टाळण्याचा प्रश्नच नव्हता, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. कॅप्सूल बंद. पांढऱ्या पेशींचा काउंट अजून थोडा कमी आहे, म्हणून तिसरी केमो आठवडाभर पुढे गेली. ताकाचं विचारलं, तर म्हणाले, काउंट वर येईपर्यंत कच्चं नको, पण चांगली उकळलेली कढी चालेल. कढीतून जिवाणू काही मिळणार नाहीत, हे मलाही कळतं. पण ताईला दहा दिवसांत कशाचीच चव लागली नव्हती. आईने लगेच बेसन काढलं. ताईने अर्धी वाटी प्यायली.