शनिवारी रात्री 'मधुमती'! येऊ द्या तुमचे भुताच्या सिनेमाचे किस्से

येत्या शनिवारी रात्री टीव्हीवर 'मधुमती' लागतोय. पावसाळी रात्र, दरड कोसळून अडलेली गाडी, ओसाड हवेली आणि आत शिरलेला दिलीपकुमार. कसारा घाटात कधी रात्री अडकलेल्या नाशिककराला एवढं पुरे! आमच्या सासूबाईंना संवादन्‌संवाद पाठ, तरी "मध्ये कोणी बोललं तर बघा" असा दम आत्ताच देऊन झालाय. तुम्ही हे काळेपांढरे भुताचे सिनेमे कुठे, कोणाबरोबर पाहिलेत?

पंचवटी : आमच्या वाड्यात टीव्ही एकच, घरमालकांचा. पाऊस आला की चित्रात मुंग्या. 'महल' लागला तेव्हा मामा कौलांवर चढून अँटेना फिरवत होता. खाली दोन-दोन मधुबाला एकमेकींना चिकटून झोका घेतायत, 'आयेगा आनेवाला' लांबून ऐकू येतंय आणि वरून मामा ओरडतोय, "आलं का?" सगळ्या बाया एका सुरात, "येतंय, येतंय!" हसून हसून पुरेवाट. पण त्या रात्री परसात जायला एकटी कोणी उठली नाही. तो लांबून येणारा आवाज लताबाईंनी कसा साधला, हे पुढे वाचलं : माईकपासून दूर उभ्या राहून गात गात जवळ यायच्या. साल १९४९. रेकॉर्डवर त्यांचं नावच नव्हतं, गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', सिनेमातल्या पात्राचं नाव. म्हणजे गाणं भुताच्याच नावावर की!

घोटी : 'मधुमती' आमच्या तालुक्याचा सिनेमा आहे, लक्षात असू द्या. नैनितालला केलेलं बरंच शूटिंग खराब निघालं, पुन्हा तिकडे जाणं जमेना, म्हणून इगतपुरीजवळ वैतरणेच्या बाजूला पाइनची खोटी झाडं उभी करून उरलेलं उरकलं. धुकंसुद्धा गॅस सोडून केलेलं. श्रावणात आले असते तर फुकट मिळालं असतं! मी दरवेळी यातला आपला डोंगर कुठला ते शोधत बसतो. बायको म्हणते, समोर वैजयंतीमाला असताना दगड काय बघताय?

नाशिकरोड : मला 'वो कौन थी?'नं घाबरवलं. पावसात साधना गाडीत बसते आणि वायपर बंद पडतात, तो सीन. सेकंड शिफ्ट सुटली की सायकलवर घरी यायचो. ते पाहिल्यापासून बरेच दिवस जेलरोड टाळून वळसा घातला. घरी सांगायचो, रस्ता खराब आहे.

सिडको : माझं मत वेगळं. 'महल', 'बीस साल बाद', 'वो कौन थी?' या सगळ्यांत भूत म्हणजे शेवटी माणसाचाच डाव. अडीच तास घाबरवायचं आणि मग "तसं काही नव्हतंच" म्हणायचं, ही शुद्ध फसवणूक. 'मधुमती'त भूत खरोखरचं येतं, आपलं काम करतं आणि जातं. बिमल रॉयना मानलं ते त्यासाठी.

नाशिकरोड : अहो, शेवट कशाला फोडलात? मुलीला पहिल्यांदाच दाखवतोय!

सिडको : १९५८चा सिनेमा आहे हो! बरं, पुढचं नाही सांगत. जाहिराती लागल्या की आवाज बंद करा तेवढा.