लहान मुलांना वाचून दाखवण्यासाठी आणि पालकांनी स्वतः वाचण्यासाठी कोणती मराठी पुस्तके घ्यावीत?

प्रश्न : गोदाकाठ

नमस्कार. आमच्या घरी साडेतीन वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा आहे. मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीत आहे. घरात मात्र आजी-आजोबांसह सगळे मराठीच बोलतात. दोघांनाही रोज रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी वाचून दाखवायचे, असे आम्ही ठरवले आहे. परंतु दुकानात गेल्यावर समोर येतात ती एक तर इंग्रजीवरून शब्दाला शब्द लावून मराठीत आणलेली गुळगुळीत कागदावरची पुस्तके, नाही तर प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य छापलेले बोधकथांचे संग्रह. मुलगी चित्रांपाशी रमते, पण मजकूर सुरू झाला की उठून जाते. मुलाला काना, मात्रा, वेलांटी येते. जोडाक्षर आले की तो अडखळतो आणि पुस्तक मिटून ठेवतो. जी पुस्तके त्याला स्वतःला वाचता येतात, ती त्याच्या समजेच्या मानाने फारच बाळबोध असतात.

त्याच्या जोडीला, मुलांना वाढवण्याविषयी आम्ही दोघांनी वाचावे असे मराठीत काय आहे, हेही जाणून घ्यायचे आहे. इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले आई-वडील आणि मूल एवढ्यांचेच घर गृहीत धरतात; तीन पिढ्या एकत्र राहणाऱ्या घराला ते लागू पडत नाहीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : पिंपळपान

मी एका सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग सांभाळते, आणि असा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांच्या हाती मी सर्वांत आधी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके ठेवते. त्या मजकूर लिहितात आणि चित्रेही स्वतःच काढतात, त्यामुळे चित्र केवळ मजकुरातलेच पुन्हा सांगत नाही, तर त्यात न लिहिलेलेही काही दाखवते. 'राधाचं घर' या संचात राधा नावाची चिमुरडी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. त्यातली वाक्ये घरात बोलतो तशी आहेत. वाचणाऱ्याला ती मनातल्या मनात सुधारून घ्यावी लागत नाहीत. आपल्या मुलीसाठी हा संच अगदी योग्य ठरेल. 'चित्रवाचन' हे त्यांचे पुस्तक तर नावाप्रमाणे चित्रे पाहत पाहत बोलण्यासाठीच आहे.

मजकूर सुरू झाला की मुलगी उठून जाते, याची फार काळजी करू नये. या वयात पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून पूर्ण करण्याचा आग्रह मोठ्यांचा असतो, मुलाचा नसतो. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढेच शिकवले होते की, वाचताना मधे थांबावे, 'हा काय करतोय?' यासारखे प्रश्न विचारावेत, आणि मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते त्याला परत ऐकवावे. महिनाभराने ही मुले, नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा बोलण्यात पुढे गेलेली आढळली. म्हणून तिने 'मांजर!' म्हणून बोट ठेवले, तर 'हो, मांजर खिडकीत बसलंय, ते कुणाची वाट बघतंय?' असे म्हणून तिथेच थांबावे. त्या रात्री पुढचे पान उलटले गेले नाही तरी चालेल.

दुसरी गोष्ट म्हणजे कविता. गद्य ऐकताना चुळबुळ करणारी मुले तालात म्हटलेल्या ओळींपाशी थांबतात, हे मी बालविभागात सतत पाहते. विंदा करंदीकर यांच्या बालकविता यासाठी अवश्य घ्याव्यात. 'राणीची बाग'मध्ये प्राणी आहेत, 'एटू लोकांचा देश'मध्ये सगळेच तऱ्हेवाईक आहे, आणि 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' थोड्या मोठ्या, घाबरण्याची मजा घेणाऱ्या मुलांना फार आवडते. आधी स्वतः एकदा मोठ्याने म्हणून पाहावे, म्हणजे ठेका सापडतो. मंगेश पाडगांवकर यांच्या बालकवितांचेही तसेच आहे.

मुलाच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. त्याला ऐकून जे समजते आणि डोळ्यांनी जे वाचता येते, त्यांत आज मोठे अंतर आहे, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या मराठीत ते अनेक वर्षे राहते. वाचता येईल तेवढेच ऐकवले तर त्याचे मन उपाशी राहते. समजेल तेवढे सगळे त्यानेच वाचावे असे म्हटले तर तो थकतो. म्हणून त्याच्या समजेला साजेसे पुस्तक आपण वाचावे आणि त्यातल्या एखाद्याच पात्राचे संवाद त्याला वाचायला द्यावेत. संवाद छोटे असतात, ते आवाज काढून म्हणता येतात, आणि अडलेले जोडाक्षर आपण लगेच पुरवले तर गोष्टीचा ओघ तुटत नाही. अजून वर्षा-दोन वर्षांनी भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे याच पद्धतीने सुरू करता येईल. बालभारतीचे 'किशोर' मासिक खरे तर आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे, परंतु १९७१पासूनचे त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि त्यांतल्या निवडक कविता व छोट्या गोष्टी आताही वाचून दाखवण्याजोग्या आहेत.

बोधकथांचे संग्रह घरी असतील तर ते टाकून देण्याचे कारण नाही. फक्त तात्पर्याची ओळ वाचू नये. गोष्ट संपल्यावर मूल स्वतः काय म्हणते ते ऐकावे. पुष्कळदा ते छापलेल्या ओळीपेक्षा निराळे आणि अधिक विचार करायला लावणारे असते.

प्रतिसाद : बकुळ

पिंपळपान यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. बालवाडीची निवृत्त शिक्षिका या नात्याने त्यात एक भर घालते. आपल्या घरात आजी आहे, तेव्हा साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी पुस्तकाच्या आधी आजीच्या तोंडच्या गोष्टीला जागा द्यावी. शेणाचे घर वाहून गेलेला कावळा पावसात चिमणीच्या मेणाच्या घराशी येतो आणि दार उघडायला सांगतो. चिमणी आतून दर वेळी म्हणते, 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते', 'थांब, बाळाला तीट लावते'. तीन वर्षांचे मूल दुसऱ्याच खेपेला त्या 'थांब'मध्ये आपला आवाज मिळवते आणि पुढे बाळाचे आणखी काय काय करायचे ते स्वतःच सुचवू लागते. पुस्तक निवडतानाही हीच कसोटी लावावी. ज्यात एखादे वाक्य परत परत येते, ज्यात मुलाला पुढचे आधीच ओळखता येते, ते पुस्तक या वयाचे आहे असे समजावे. काही घरांत या गोष्टीच्या शेवटी कावळ्याला चटका बसतो, काही घरांत बसत नाही. तो निर्णय आजीवर सोपवावा. नात समोर बसलेली असताना किती सांगायचे, हे तिला आपल्या सर्वांपेक्षा चांगले कळते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. पालकांनी वाचायच्या पुस्तकांमध्ये मी पहिले नाव गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न'चे घेईन. मूळ पुस्तक गुजराती आहे, १९३०च्या दशकातले आहे, आणि मराठीतही मिळते. त्यातला शिक्षक एका प्राथमिक शाळेचा चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी तो मोठ्या तयारीने दारे-खिडक्या लावून मुलांना शांततेचा खेळ शिकवायला जातो आणि वर्गात नुसता गोंधळ उडतो. नंतर तो गोष्ट सांगायला बसतो, आणि तीच मुले जागची हलत नाहीत. पुस्तक शाळेबद्दल असले तरी घरी संध्याकाळी मुलांना 'गप्प बसा' म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक आणि पुढे त्यांच्यासह बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या बालवाड्या उभ्या करणाऱ्या अनुताई वाघ यांच्याविषयीही जे मिळेल ते वाचावे. पाने, बिया, शंख-शिंपले अशा आसपासच्या वस्तूंमधून शिकण्याची साधने कशी तयार होतात, हे त्यांच्या कामातून समजते, आणि महागड्या खेळण्यांविषयीची आपली घालमेल बरीच कमी होते.

दुसरे पुस्तक तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान'. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने प्रकाशित केला आहे आणि तो परवडणाऱ्या किमतीत मिळतो. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत येते, आणि मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत तिच्या समोर बसून तिचे बोलणे तब्बल चार तास ऐकतात. मधे जांभई देत नाहीत, घड्याळ पाहत नाहीत, तिला दुरुस्तही करत नाहीत. ते प्रकरण आपण दोघांनी एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मूल बोलत असताना आपले लक्ष किती वेळा मोबाइलकडे जाते, ते त्यानंतर आपोआप जाणवू लागते.

एकत्र कुटुंबाबद्दल आपण जे लिहिले आहे, त्यासाठी मात्र अनुवादांपेक्षा शोभा भागवत यांचे लेखन जवळचे वाटेल. पुण्याच्या गरवारे बालभवनात मुलांबरोबर आणि पालकांबरोबर त्यांनी दीर्घकाळ काम केले. 'आपली मुलं' आणि 'मूल नावाचं सुंदर कोडं' ही त्यांची पुस्तके आपल्याकडच्या घरांतून लिहिलेली आहेत. १९८७पासून पुण्यातून निघणारे 'पालकनीती' मासिकही लावून घ्यावे. जुने लेख संकेतस्थळावर वाचता येतात. त्यात तयार उत्तरे कमी आणि विचारपूर्वक मांडलेले प्रश्न जास्त असतात, आणि घरातल्या मोठ्यांशी मतभेद झाला असता एखादा लेख सर्वांनी मिळून वाचणे हे समोरासमोर वाद घालण्यापेक्षा सोपे जाते.

प्रतिसाद : दूरदेशी

अमेरिकेत आठवड्याच्या शेवटी भरणाऱ्या मराठी शाळेत मी लहान गटाला शिकवतो. छापील पुस्तके येथे वेळेवर मिळत नाहीत, म्हणून आम्ही प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळाचा पुष्कळ उपयोग करतो. २०१५मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर मराठीतल्या सचित्र गोष्टी विनामूल्य वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि छापताही येतात. प्रत्येक गोष्टीला वाचनाची पातळी दिलेली असते. जोडाक्षरांशी अडणाऱ्या मुलाने पहिल्या पातळीपासून स्वतः वाचावे आणि वरच्या पातळीच्या गोष्टी त्याला वाचून दाखवाव्यात. भाषांतराचा दर्जा सर्वत्र सारखा नाही, त्यामुळे मुलासमोर उघडण्यापूर्वी मोठ्यांनी गोष्ट एकदा वाचून घ्यावी. परवाना खुला असल्याने एखादे वाक्य कृत्रिम वाटले तर घरच्या बोलीत बदलून घेण्याची मुभा आहे. आमच्या शाळेतल्या एका आजींनी काही गोष्टी मालवणीत करून दिल्या, आणि त्या ऐकताना वर्गातली सर्वांत अबोल मुलगीही बोलू लागली.

गोदाकाठ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. राधाचा संच आणि 'दिवास्वप्न' आजच मागवले आहे. एक शंका राहिली आहे. मुलाच्या आजोबांना त्याला आत्ताच 'श्यामची आई' वाचून दाखवायचे आहे. सहाव्या वर्षी ते योग्य ठरेल का?

प्रतिसाद : पिंपळपान

आजोबांचा उत्साह मोडू नये, परंतु संपूर्ण पुस्तक सलग वाचण्याची घाई करू नये. साने गुरुजींनी ते १९३३ साली आपल्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिले, आणि त्याची रचनाच रात्री जमलेल्या सोबत्यांना श्याम एकेक आठवण सांगतो अशी आहे, त्यामुळे ते डोळ्यांपेक्षा कानांसाठी अधिक सोयीचे आहे. मात्र उत्तरार्धातले दारिद्र्य, अपमान आणि आईचा मृत्यू सहा वर्षांच्या मुलाला, तेही झोपण्याच्या वेळी, पेलणारे नाहीत. तो भाग दहाव्या वर्षाच्या आसपास वाचावा. आत्ता आजोबांनी सुटी प्रकरणे निवडावीत. अंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामसाठी आई आपला पदर दगडावर पसरते, ते प्रकरण या वयाला पुरते कळते. विकत घेताना प्रत तपासून घ्यावी, कारण साने गुरुजींच्या निधनाला साठ वर्षे उलटून गेल्याने पुस्तक आता प्रताधिकारमुक्त आहे आणि अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्या बाजारात आहेत. त्यांतल्या काही संक्षिप्त आहेत. आजोबांसाठी संपूर्ण आणि मोठ्या टायपातली पाहावी.