आकडा दिला म्हणजे मोजले का?
भावनांना आकडे देता येतात, म्हणजेच त्या मोजता येतात, हे विधान मला घाईचे वाटते. डॉक्टर वेदना ० ते १० या पट्टीवर विचारतात. माझ्या आईने गुडघेदुखीला आधी ८ आणि औषधानंतर ४ सांगितले, तेव्हा दुखणे उतरले एवढे कळले, पण ते निम्मे झाले असे म्हणायला आधार नव्हता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मोजपट्ट्यांचे चार प्रकार मांडले. त्यांत ही पट्टी फार तर क्रमदर्शक, म्हणजे फक्त कमी-जास्तीचा क्रम सांगणारी, ठरते आणि अशा आकड्यांची सरासरी काढणे (सर्रास काढतात, तो भाग वेगळा) त्यांच्या काटेकोर नियमात बसत नाही. ४० अंश सेल्सियस म्हणजेही २० अंशांची दुप्पट उष्णता नव्हे, पण तिथे निदान दोन अंशांमधले अंतर सगळीकडे सारखे असते.