मदत हवी आहे: परमँगनेटच्या टायट्रेशनला गुलाबीऐवजी तपकिरी रंग येतोय

खानापूर_पीयूसी: परवा टायट्रेशनचं प्रॅक्टिकल आहे, म्हणजे परमँगनेटचं जांभळं द्रावण ब्युरेटमधून (खुणांच्या उभ्या नळीतून) फ्लास्कमध्ये थेंबथेंब सोडून किती लागलं ते मोजायचं. तीनदा केलं, रीडिंग १०.२, ११.६, १२.१ मिली. फिका गुलाबी यायला पाहिजे तिथं चहासारखं गढूळ तपकिरी येतंय. दहावी मराठीतून झाली, इथं सगळं इंग्रजी-कन्नडात, ऑक्सिडेशन नंबर (अणूनं किती इलेक्ट्रॉन दिले-घेतले त्याचा आकडा) डोक्यात शिरेना. लवकर सांगा कुणीतरी.

लॅबकाका_निपाणी: फ्लास्कमध्ये काय होतं ते आधी सांग की. ऑक्झॅलिक ॲसिड का मोहर सॉल्ट (लोखंडाचा क्षार)? ॲसिड कुठलं, किती? तापवलंस?

खानापूर_पीयूसी: ऑक्झॅलिक, ०.०५ मोलर, १० मिली. तापवलं. सल्फ्युरिक घातलंय.

सीमेवरचा: फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाक, रंग स्पष्ट दिसेल.

लॅबकाका_निपाणी: अजिबात नको. ते ॲसिड-बेसला. इथं परमँगनेटच इंडिकेटर, त्याच्याच रंगावरून शेवट कळतो.

सीमेवरचा: आम्ही कॉलेजात टाकत होतो.

लॅबकाका_निपाणी: ते कॉस्टिक सोड्याचं, म्हणजे बेसचं टायट्रेशन असणार.

टिळकवाडी_आई: बाळा, पुढं कोल्हापूरला जाणार असशील तर डोमिसाइलचं आत्ताच बघ. माझ्या मुलाच्या वेळी कागदांपायी फार पळापळ झाली.

कारखाना_केमिस्ट: परमँगनेटऐवजी डायक्रोमेट कधीही बरं. वजन करून थेट द्रावण होतं. सांडपाण्याच्या सीओडीला (त्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल ते मोजायला) आम्ही तेच वापरतो, फेरोइन या इंडिकेटरने निळसर हिरव्याचं झटकन विटकरी होतं.

लॅबकाका_निपाणी: साहेब, पोराला परवा परमँगनेटच आहे. ॲसिड किती घातलंस रे?

खानापूर_पीयूसी: पहिल्यांदा अर्धी टेस्ट ट्यूब. मग बाटली संपत आली, बोटभरच.

लॅबकाका_निपाणी: तिथंच चुकलं. भरपूर ॲसिड असलं की परमँगनेटमधलं मँगनीज +७ वरून थेट +२ ला येतं, पाच इलेक्ट्रॉन घेतं. कमी पडलं की +४ ला अडकतं, तीनच घेतं. तोच तपकिरी गाळ, मँगनीज डायऑक्साइड. प्रत्येक थेंबाचं काम कमी, म्हणून रीडिंग चढत गेलं. ऑक्झॅलिक दोन इलेक्ट्रॉन देतं, म्हणून दोन परमँगनेटला पाच ऑक्झॅलिक.

पूर्ण टेस्ट ट्यूब डायल्यूट सल्फ्युरिक घाल. सल्फ्युरिक संपलं म्हणून हायड्रोक्लोरिक घेऊ नको, क्लोराइडच परमँगनेट खातं. ६०-७० अंशाला तापव, उकळू नको. पहिले थेंब सावकाश सोड, रंग जायला वेळ लागतो. थोडं मँगनीज +२ तयार झालं की तेच पुढची रिॲक्शन पळवतं. ब्युरेटचं रीडिंग द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाच्या वरच्या कडेला घे, गडद रंगात खालची दिसत नाही.

खानापूर_पीयूसी: आज केलं काका. १०.०, १०.१, १०.०. गुलाबी अर्धा मिनिट टिकला. मोहर सॉल्ट आलं तर पण तापवायचं?

लॅबकाका_निपाणी: नाही! गरम केलं की त्यातलं फेरस (+२ लोखंड) हवेनंच फेरिक (+३) होतं. ॲसिड मात्र तितकंच.