मे महिन्यात फ्लॅटची तोडफोड: राडारोडा किती निघेल आणि न्यायचा कसा?

तिसरा_मजला
पुण्यात १९८८ची इमारत, तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके. मुलांना सुट्टी लागली की काम काढायचं आहे. हॉल, दोन बेडरूम आणि किचन मिळून ५०० चौरस फूट मोझेक फरशी उखडायची. दोन्ही बाथरूम (५ × ७ फूट) सात फुटांपर्यंतच्या टाइल्ससकट, आणि गळती असल्यामुळे खालच्या सनकनच्या (बाथरूमखाली खोल घेतलेल्या स्लॅबच्या) भरावासकट, मोकळ्या करायच्या. ओटा नवा करायचा. भिंत एकही पाडायची नाही.

कंत्राटदार म्हणतो, छोटा हत्तीच्या पाच-सहा खेपांत सगळं निघेल, आणि त्याच हिशोबाने त्याने उक्ता आकडा दिला आहे. राडारोडा पार्किंगमध्ये ठेवायला सोसायटी दोन दिवसच देते. विचारायचं असं की, खेपांचा अंदाज बरोबर आहे का? सगळा माल घरातच एका खोलीत साठवून शेवटी एकदम नेला तर? आणि जुन्या विटांचे तुकडे तो बाथरूमच्या भरावात परत वापरू म्हणतोय, ते चालेल का?

फूटपट्टी
अंदाज चुकलाय, आणि थोडाथोडका नाही. मोजून बघा.

मोझेकची लादी आणि तिच्याखालचा मसाला मिळून जाडी अडीच-पावणेतीन इंच, म्हणजे ०.२२ फूट. गुणिले ५००, झाले ११० घनफूट. बाथरूमच्या भिंती दार वजा करून प्रत्येकी १५० चौरस फूट. टाइल आणि मागचं प्लास्टर सव्वा इंच धरलं तर दोन्हींचे ३० घनफूट. सनकन एक फूट खोल असेल तर ३५ आणि ३५, म्हणजे ७०. ओटा, त्याचे विटांचे पाय आणि मागच्या टाइल्स १५. एकूण २२५ घनफूट.

पण हे जागेवरचं माप आहे. फोडलेला माल फुगतो, साधारण दीडपटीच्या थोडा खाली. म्हणजे सव्वातीन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). वजन ११ ते १२ टन.

छोटा हत्तीची क्षमता पाऊण टनाच्या आसपास. म्हणजे खेपा १५-१६. पाच-सहा खेपांत न्यायचं तर पाऊण टनाच्या गाडीत दोन टन घालावे लागतील, आणि तेवढा माल त्या हौदात मावतच नाही. पाच खेपा हा आकडा चारशेसातचा आहे (टाटा ४०७ हा मोठा टेम्पो, सव्वादोन टनांच्या आसपास). एक तर त्याची गाडीत गल्लत झाली आहे, नाहीतर "जादा खेपा" नावाचं बिल नंतर येणार आहे. "सगळा राडारोडा उचलून देणे, खेपा कितीही होवोत" असं कोटेशनमध्ये लिहून घ्या. दर ब्रासवर ठरवत असाल तर सुट्या मालाचा ब्रास की जागेवरच्या मापाचा, हे आधीच ठरवा. भांडणं तिथेच होतात.

बीम_कॉलम
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: अजिबात नको. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून काढतात. सुट्या राडारोड्याचं वजन घनमीटरला पावणेतेरा क्विंटलच्या आसपास भरतं. कमरेएवढा ढीग म्हणजे त्या भाराच्या सहापट, तोही एका खोलीच्या मधोमध, पस्तीस वर्षांपेक्षा जुन्या स्लॅबवर. ब्रेकरचे (फोडायच्या यंत्राचे) हादरे वेगळेच.

सुटा पसरायचा तर थर सहा इंचांच्या वर जाऊ देऊ नका. गोण्या असतील तर एकच थर, उभ्या, भिंतीलगत. एका चौरस मीटरला सात गोण्या झाल्या की थांबा. बाल्कनीत एकही नको, तो स्लॅब एकाच बाजूने धरलेला असतो.

गोणी सिमेंटची रिकामी, पण अर्धीच्या थोडी वर भरायची: २८-३० किलो. बिगारी काठोकाठ भरतात, मग ती जिन्यात फाटते किंवा दुसऱ्या मजल्यावर टेकवून ठेवली जाते आणि तिथेच राहते. तुम्हाला ४०० गोण्या लागतील. फाटक्या वगळून मोजा, टाइल्सच्या धारेने पहिल्या फेरीतच दहा-वीस जातात.

आता दोन दिवसांची अट. ८० गोण्या म्हणजे चारशेसातची एक खेप. रोज तेवढंच फोडायचं, संध्याकाळी खाली, सकाळी गाडी. पाच दिवसांत मोकळं. फोडणारे दोन आणि वाहणारे दोन वेगळे ठेवा, नाहीतर तोडफोड पुढे पळते आणि माल मागे साठतो. पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर किंवा चेंबरच्या झाकणावर रचू नका.

नळदुरुस्ती
तोडफोडीच्या आधीची दोन कामं कोणी सांगत नाही म्हणून लिहितो.

एक, नहाणी ट्रॅपची (बाथरूमच्या फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडाची) जाळी काढून आत गोणपाटाचा बोळा घट्ट कोंबा आणि वर पीओपीची टोपी बसवा. कमोड काढल्यावर त्या तोंडालाही तेच. नुसती फरशी वर ठेवून भागत नाही. मसाल्याची पूड बाजूने आत जाते, पाणी लागलं की वाकात बसते आणि घट्ट होते. मग दुसऱ्या मजल्याचा संडास तुंबतो आणि तुमचं काम सोसायटी थांबवते. घमेली आणि फावडी बाथरूममध्ये धुवायची नाहीत, खाली ड्रममध्ये.

दोन, डक्टकडच्या भिंतीला ब्रेकर लावू नका, छिन्नी-हातोडीनेच. त्या काळातल्या इमारतींत डक्टमधले उभे पाइप बिडाचे किंवा ॲस्बेस्टॉस सिमेंटचे असू शकतात. ॲस्बेस्टॉसचा पाइप किंवा जुना सिमेंटचा पत्रा निघालाच तर फोडू नका. ओला करून अख्खा उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा, बाकीच्या मालात मिसळू नका.

जुनी_साइट
भरावाबद्दल. नव्या भरावात जुन्याच विटा घालून दोन पैसे वाचवायचे, ही कंत्राटदारांची आवडती युक्ती. तुमच्याकडे गळती आहे, म्हणजे तो भराव वर्षानुवर्षं भिजलेला आहे. त्यातले क्षार नव्या टाइल्सच्या सांध्यांतून पांढरे होऊन वर येतात. शिवाय त्यात टाइलचे धारदार तुकडे असतात, ते वॉटरप्रूफिंगच्या थरात घुसतात. बाथरूमसाठी नाहीच म्हणा.

फूटपट्टी
एवढं सरसकट नको. कोरड्या जागेचा भराव असेल, उदाहरणार्थ ओट्याखालची पायरी, तर ओट्याच्या पायांच्या विटा साफ करून चालतात. सनकनमध्ये नको, हे मान्य.

जुनी_साइट
ओट्याखाली चालेल. पण "थोडं चालतं" म्हटलं की तो सगळीकडे घालतो, म्हणून मी नाहीच म्हणतो.

वेगळं काढण्यासारखं मात्र बरंच असतं. तोडफोडीच्या दोन दिवस आधी भंगारवाल्याला बोलवा: जीआय पाइप, पितळी नळ, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, तांब्याची वायर. तोडफोड सुरू झाली की हे बिगाऱ्यांचं होतं, तशी रीतच आहे. ओट्याचा कडप्पा अख्खा निघाला तर घेणारा मिळतो. पीओपीचं सीलिंग असेल तर ते सगळ्यात आधी काढून वेगळ्या गोण्यांत भरा. जिप्सम मिसळला की काँक्रीट-विटांचा चुरा पुन्हा वापरायला बिघडतो.

तिसरा_मजला
फार उपयोगी. लिफ्ट वापरावी का? सहा माणसांची आहे. आणि धुळीचं काय, उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं.

बीम_कॉलम
सहा माणसांची म्हणजे ४०८ किलो. दहा गोण्या आणि एक माणूस मिळून ३७०च्या आत. ८० गोण्यांना आठ फेऱ्या. खाली प्लायवूड, आणि दाराच्या खाचेत दर फेरीनंतर ब्रश मारायचा. लिफ्ट बंद पडते ती बहुतेक वेळा वजनाने नाही, त्या खाचेत अडकलेल्या खड्याने. सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

नळदुरुस्ती
धुळीसाठी पाइप लावू नका. पाणी खालच्या घराच्या छतात उतरतं आणि गोणीही जड होते. शेतातला पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप घ्या, बारीक नोझल. फोडताना तुषार, भरताना पुन्हा एकदा. दिवसाला दोन-तीन पंप पुरतात. मुख्य दाराच्या आत प्लास्टिकचा पडदा, कडेने चिकटपट्टी. कोरडा झाडू नको. माणसांना एन-९५ मास्क द्या. रुमालाने सिलिकाची धूळ अडत नाही. मेमध्ये एक ते चार काम बंदच ठेवा. शेजाऱ्यांची झोप आणि बिगाऱ्यांचं ऊन, दोन्ही सांभाळलं जातं.

फूटपट्टी
तारीखही धरा. मेच्या मध्यापासून वळीव कधीही येतो. विटेचा तुकडा वजनाच्या १५-२० टक्के पाणी पितो, म्हणजे २८ किलोची गोणी ३२ची होते आणि तळातून फाटते. रचलेल्या मालावर ताडपत्री हवीच. मे संपायच्या आत शेवटची खेप गेली पाहिजे. बरेच बिगारी त्याच सुमारास पेरणीसाठी गावी जातात.

आणि गाडी कुठे रिकामी होणार, हे विचारा. २०१६च्या बांधकाम राडारोडा नियमांत (१ एप्रिल २०२६पासून त्यांच्या जागी २०२५चे नियम) आराखडा द्यायची सक्ती दिवसाला २० टन किंवा प्रकल्पाला महिन्यात ३०० टनांच्या वर होती, तुमचं काम त्याहून फारच छोटं आहे. पण रस्त्यावर, नाल्यात किंवा नदीकाठी टाकायला बंदी छोट्या कामालाही आहे. पुणे महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे, पिंपरी-चिंचवडचा मोशीला. आधी क्षेत्रीय कार्यालयात नोंद करा, आणि प्रत्येक खेपेची पावती मिळेपर्यंत शेवटचा हप्ता अडकवून ठेवा. "टाकतो कुठेतरी" म्हणणारा टेम्पो स्वस्त पडतो, कारण तो मुठेच्या काठापर्यंतच जातो.