संशय ‘उगाच’ नसतो

मार खाऊन वाढलेली मुलं ‘उगाचच संशयी’ होतात, असं सर्रास म्हटलं जातं. संशयी हे मान्य, पण ‘उगाचच’ नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सेथ पोलक यांनी अशा मुलांना भीती आणि राग, दुःख आणि राग यांचं कमीजास्त मिश्रण असलेले चेहरे दाखवले (२००२). रागाची छटा थोडीच असली तरी ही मुलं ‘रागावलाय’ म्हणत. आनंदाच्या बाबतीत मात्र इतर मुलांपेक्षा वेगळी नव्हती. म्हणजे नजर अधू नाही, एकाच धोक्यासाठी तासून ठेवलेली आहे. घरात तीच कामाची होती. पंचाईत शाळेत होते. बाई वही तपासताना नुसत्या कपाळाला आठी घालतात आणि पोराच्या लेखी त्या चिडलेल्या असतात. ज्यांच्याकडे नुसतं दुर्लक्ष झालं, त्यांची गत निराळी: त्यांना चेहऱ्यांवरचे भावच एकमेकांपासून वेगळे ओळखायला जड जातं.

म्हणून ‘घाबरू नकोस’ सांगून फारसं काही होत नाही. ‘मी रागावले नाहीये, अक्षर लागत नाहीये’ असं तिथल्या तिथे, साध्या आवाजात बोलावं. ‘तू हुशार आहेस’ हेही टाळा. स्वतःला वाईट समजणारं पोर ते खोटंच मानतं. ‘तिसरं गणित बरोबर आलं’ हे त्याला नाकारता येत नाही.